कळतं, पण वळत का नाही? बंद पडलेल्या एसटीपीपासून सुरुवात

प्रश्न असा आहे. बाणेरच्या बाजूला दोनशे फ्लॅटची सोसायटी. बहुतेक सगळे शिकलेले, चांगल्या नोकऱ्यांतले. ५ जूनला वृक्षारोपण होतं, मुलांची चित्रकला स्पर्धा होते. तरीही सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी वर्षातले बरेच महिने बंद, ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्यांवर कुंड्या मांडलेल्या, आणि एप्रिल उजाडला की गेटवर टँकरची रांग. विचारणारे गृहस्थ चाकणला नोकरीला आहेत. तिथेही रिसेप्शनमध्ये पर्यावरण धोरणाची फ्रेम आहे आणि शॉप फ्लोअरवर हवेच्या पाइपमधून दिवसरात्र गळती चालू आहे. माणसं आणि संस्था अशा का वागतात, लोकांना खरंच काही पडलेलं नाही का, असं त्यांनी विचारलंय.

पडलेलं असतं. लोकांना माहिती नाही असं धरून पुन्हा एकदा पोस्टर लावणं, व्याख्यान ठेवणं, यात वर्षं वाया जातात. खरी अडचण अशी की निर्णय एका ठिकाणी होतो, त्याचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो आणि नुकसान तिसऱ्याच गावाला पोचतं. हे तीन पत्ते एकमेकांपासून जितके लांब, तितकं वागणं बिघडतं. कमिटी बदलली, मॅनेजर बदलला, तरी वागणं तेच राहतं ते यामुळे. एसटीपीचं उदाहरण तपशिलात घेतो, कारण जवळजवळ सगळी कारणं त्या एका तळघरात सापडतात.

आधी आकडे. २०० फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे ८०० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे शहरांसाठी वापरलं जाणारं सरकारी प्रमाण; त्याने १,०८,००० लिटर होतात. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी बनतं, म्हणजे ८६,००० लिटर. त्यासाठी ९० ते १०० केएलडीचा प्रकल्प लागतो; एक केएलडी म्हणजे दिवसाला हजार लिटर. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. म्हणजे रोज ३६,००० लिटर शुद्ध केलेलं पाणी फ्लशलाच खपतं, बाग वेगळी.

आता चालवण्याचा खर्च. एवढ्या लहान प्रकल्पाला हजार लिटरमागे १ ते १.५ युनिट वीज लागते. दिवसाला १०० युनिट आणि युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ३०,०००. दोन ऑपरेटरांचा पगार ३०,०००. जंतू मारणारं हायपो, फिल्टरची वाळू आणि कार्बन, पंपाची किरकोळ कामं, गाळ उचलणं, यांचे दहा-पंधरा हजार. सगळे मिळून ७० ते ७५ हजार. फ्लॅटमागे साडेतीनशे ते पावणेचारशे रुपये.

याच्या बदल्यात मिळतं काय? मे महिन्यात १०,००० लिटरचा टँकर १,२०० रुपयांना घ्यावा लागतो असं धरू. ३६,००० लिटर म्हणजे ३.६ टँकर, रोजचे ४,३२० रुपये, महिन्याचे जवळपास १,३०,०००. प्रकल्प चालवणं पंचावन्न-साठ हजारांनी फायद्याचं. आता ऑगस्ट घ्या. खडकवासला भरलंय, महापालिकेचं पाणी येतंय. पुण्यात निवासी पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातून येते. ती मिळकतीच्या करपात्र मूल्यावर ठरते, किती लिटर वापरले यावर ठरत नाही. बऱ्याच भागांत मीटर बसलेत, पण मीटर बसणं वेगळं आणि त्याच्या आकड्यावर बिल येणं वेगळं. तेव्हा ऑगस्टमध्ये ३६,००० लिटर वाचवून सोसायटीचा एक रुपयाही वाचत नाही आणि ७० हजारांचा खर्च मात्र ठरलेला. त्याच टेबलाभोवती बसणारी तीच माणसं मे महिन्यात प्रकल्प चालू ठेवतात आणि ऑगस्टमध्ये बंद करतात. त्यांची पर्यावरणाची समज तीन महिन्यांत बदललेली नसते, बदललेला असतो फक्त हिशेब.

न भरलेलं ते बिल कुठे जातं? नाल्यातून रामनदीत, तिथून मुळेत, संगमावर मुठेला मिळून भीमेत आणि शेवटी उजनीच्या जलाशयात. नदीकाठी दौंड-इंदापूरकडे जे लोक ते पाणी वापरतात, त्यांना या सोसायटीच्या सभेत मत नाही.

इथवर अर्थशास्त्र झालं. पण फक्त हिशेबाकडे बोट दाखवून थांबलं तर अर्धंच उत्तर मिळतं, कारण एसटीपी पंपासारखा हवा तेव्हा चालू, हवा तेव्हा बंद करता येत नाही. त्यातलं काम जिवाणू करतात. त्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम लागतो आणि रोजचं अन्न, म्हणजे रोजचं सांडपाणी, लागतं. दुभत्या जनावराला चार महिने उपाशी ठेवून पाचव्या महिन्यात दूध मागता येत नाही, तसंच हे. चार महिने बंद ठेवलेला प्रकल्प पुन्हा रुळावर यायला दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि त्या काळात बाहेर येणारं पाणी गढूळ आणि वासाचं असतं. मग लोक म्हणतात, बघा, चालवून काही उपयोग नाही.

एक रात्र जवळून पाहा. साडेअकरा वाजलेत. तळघरात टाकीत हवा सोडणारा ब्लोअर घुमतोय, त्याची थरथर कॉलममधून पहिल्या मजल्यावरच्या बेडरूमपर्यंत जाते. तिथून वॉचमनला फोन, वॉचमनचा ऑपरेटरला निरोप, आणि ऑपरेटर ब्लोअर बंद करतो. सकाळी सहाला चालू करतो. साडेसहा तासांत टाकीतला ऑक्सिजन संपून जातो, हवेवर जगणारे जिवाणू मलूल होतात, हवेशिवाय जगणारे जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आता वासाची तक्रार येते. उपाय म्हणून एसटीपीच्या खोलीचं दार आणि झरोके बंद केले जातात; आत ओल कोंडून विजेच्या पॅनेलमधले स्विच (कॉन्टॅक्टर) गंजू लागतात. आठवडाभरात फ्लशला येणारं पाणी पिवळसर होतं. पाहुणे यायचे असतात, कुणीतरी सेक्रेटरींना फोटो पाठवतं. प्लंबर येतो, फ्लशच्या टाकीला ताज्या पाण्याची जोडणी असतेच, तिचा बायपास व्हॉल्व्ह फिरवतो. दहा सेकंदांचं काम. त्या संध्याकाळपासून एकही तक्रार येत नाही.

या साखळीत कुणी दुष्टपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरची तक्रार मिटवली. तक्रार करणाऱ्याला आवाज आहे, नदीला नाही; त्यामुळे व्यवस्था हळूहळू तक्रार शून्य होईल त्या बाजूला सरकते. रात्रीचा तो फोन आला तेव्हा ब्लोअरखाली रबरी पॅड, वर आवाज कोंडणारा हूड आणि पाइपला लवचीक जोड बसवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो खर्च मंजूर करायला सभा लागते आणि स्विच बंद करायला एक बोट पुरतं. खिळ्यापायी नाल गेली म्हणतात, तो प्रकार.

मुळात ब्लोअर तिथे, तसा, कुणी बसवला? बांधकाम व्यावसायिकाने. २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, तिच्या अटींत एसटीपी येतो. यंत्राची किंमत बिल्डर देतो, वीज आणि दुरुस्ती पुढे रहिवासी देतात. ज्याच्या खिशातून वीज जाणार नाही तो वीज वाचवणारा ब्लोअर कशाला घेईल? म्हणून स्वस्त ब्लोअर येतो, खोली अडचणीची मिळते, टाकी रिकामी केल्याशिवाय तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर बाहेर काढता येत नाहीत. आणि सगळी क्षमता एकाच मोठ्या टाकीत असते. ताबा मिळतो तेव्हा दोनशेपैकी पन्नास घरांत लोक राहायला येतात, सांडपाणी पाव भागच, जिवाणूंना अन्न पुरत नाही, प्रकल्प कधी स्थिरावतच नाही. निम्म्या क्षमतेच्या दोन समांतर टाक्या असत्या तर पहिली दोन-तीन वर्षं एकीवर निभावलं असतं. हाच दुभंग भाड्याच्या घरात दिसतो. गळका नळ बदलायचा मालकाने, पाण्याचा त्रास भाडेकरूला. पंखा जुना ठेवायचा मालकाने, बिल भाडेकरूला.

ओल्या कचऱ्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे गणितच कुणी केलेलं नसतं. माणशी पाव किलो धरला तरी ८०० माणसांचा रोज २०० किलो ओला कचरा. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठे कचरा निर्माते ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. दोनशे किलो कचऱ्यात कोरडा पाला मिसळला की अर्धा घनमीटर सहज भरतो. म्हणजे एक घनमीटरचा खड्डा दोन दिवसांत काठोकाठ. खत व्हायला ३५ ते ४५ दिवस लागतात. आवारात मात्र असे दोनच खड्डे असतात. पाचव्या दिवशी कचरा टाकायचा कुठे? त्या खड्ड्यांवर कुंड्या आल्या यात रहिवाशांचा आळस शोधण्यात अर्थ नाही.

ते खड्डे तरी का खणले होते? पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्य जलसंचय, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. योजना चांगली आहे. पण बक्षीस बांधण्याला जोडलेलं असलं की लोक बांधतात. चालवणं ही निराळी गोष्ट, तिला निराळं बक्षीस लागतं. हीच सवलत वर्षाला किती टन खत निघालं याच्या नोंदीशी पक्की बांधली तर खड्ड्यांची संख्या आणि आकार दोन्ही आपोआप बदलतील.

चालवायचंच असेल तर थोडक्यात: ओल्या दोन बादल्यांना कोरड्या पाल्याची किंवा भुशाची एक बादली, ढीग मधोमध ५५ अंशांवर तापला पाहिजे, चार-पाच दिवसांनी उलथापालथ, आणि मूठ घट्ट दाबली तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा इतपत ओल. धार लागली तर पाला कमी पडलाय. पावसाळ्याआधी भुशाची पोती भरून ठेवायला हवीत, कारण जुलैत कोरडा पाला मिळत नाही, अळ्या होतात, तळमजल्यावरची मंडळी वैतागतात आणि प्रकल्प तिथेच संपतो. चोवीस तासांत खत देणारी विजेची यंत्रं कचरा वाळवून बारीक करतात. तो भुगा झाडाला घालण्याआधी महिनाभर मुरवावा लागतो. तो तसाच कुंडीत घातला की ओल लागून पुन्हा कुजायला लागतो आणि मग खतावरचा विश्वास उडतो.

याच शहरात उलटं उदाहरणही आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. दारावर येणारी ताई ओला-सुका वेगळा घेते, महिन्याचं शुल्क घेते आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून कमावते. इथे तीन पत्ते जवळ आले आहेत. मिसळून दिलं तर नुकसान कुणाचं, ते माणूस दारात उभं राहून दाखवतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हा संदेश घराघरांत रुजला, कारण हात कुणाचे लागणार ते लोकांना दिसत होतं. जिथे कचरा रात्री मजल्यावरच्या डब्यात टाकून सकाळी गायब होतो तिथे तेच सुशिक्षित कुटुंब सगळं एकाच पिशवीत कोंबतं.

विसर्जनाचंही तसंच. नदीत मूर्ती सोडू नका, असं सांगून फारसं काही बदललं नाही. घाटावरच हौद आले, तिथेच आरती करायला जागा मिळाली, शेजारी निर्माल्य कलश ठेवला गेला, तेव्हा लोकांनी पाय वळवले. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरी विरघळवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आणि महापालिकेने ती पावडर मोफत वाटली. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर बादलीभर पाण्यात, अधूनमधून ढवळायचं, साधारण ४८ तास. उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, जे पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं, आणि तळाशी चुनखडीचा साका. माणसाला जे करायचंय, म्हणजे बाप्पाला मानाने निरोप द्यायचाय, ते पूर्ण होऊ द्यायचं आणि वाट तेवढी बदलायची, हे इथे साधलं.

देखादेखीचा प्रभाव तर आपण समजतो त्याहून मोठा आहे. नोटीसफलकावर ‘७० घरं कचरा वेगळा करत नाहीत, कृपया सहकार्य करा’ असं लिहिलं की त्या सत्तर घरांना कळतं, आपण एकटे नाही. तोच आकडा ‘१३० घरं रोज वेगळा करतात’ असा लिहा. घरोघरच्या पाण्याचे आकडे लावणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे घरांना शेजाऱ्यांच्या सरासरी वीजवापराचा आकडा कळवून पाहिला होता, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. कमी वापरणाऱ्यांच्या आकड्याशेजारी हसरा चेहरा काढला तेव्हा ती वाढ थांबली. सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्या घराला शाबासकी द्यायला विसरू नका, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

आता कारखाना. दाबाखालच्या हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक पडलं आणि दाब ७ बार असला, तर ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसरला साधारण ३ ते ४ किलोवॅट वीज लागते. वर्षाला ६,००० तास आणि साडेतीन किलोवॅट धरले तर २१,००० युनिट. युनिटला ९ रुपयांनी १ लाख ८९ हजार. क्विक कपलिंगचं वॉशर आणि होजचा क्लॅम्प बदलायला दोन-तीनशे रुपये लागतात. मग बदलत का नाहीत?

प्रत्येकाच्या खुर्चीत बसून पाहा. प्रॉडक्शनवाल्याला दिवसाचे नग मोजून द्यायचेत. हवा येतेय, त्याचं काम भागतंय. मेंटेनन्सवाल्याचं मूल्यमापन ब्रेकडाउनच्या मिनिटांवर होतं. गळती म्हणजे ब्रेकडाउन नव्हे. विजेचं बिल फायनान्सकडे जातं, तिथे अख्ख्या प्लांटचा एकच आकडा दिसतो आणि त्यात ते भोक सापडणं शक्य नाही. पर्यावरण अधिकारी प्लांट हेडच्या हाताखाली, आणि त्याचं वर्ष प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची कामं, ३० सप्टेंबरच्या आत जाणारं फॉर्म पाचचं पर्यावरण विवरण आणि ऑडिटच्या फायली यांत संपतं. चार विभागांत चार प्रामाणिक माणसं, आणि भोक कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. प्रेसचा आवाज चालू असताना गळतीचा आवाज ऐकूही येत नाही. जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, ते आपोआप दुरुस्त होत नाही.

म्हणून मोजमाप साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करायचं. भोसरी-चाकणकडे ती बहुधा गुरुवारी असते. सगळी यंत्रं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. तो किती वेळ लोड घेतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) ते घड्याळ लावून पाच-सहा फेऱ्या नोंदवा. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर, ही गळतीची टक्केवारी. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड असेल तर ३० टक्के. नीट राखलेल्या ठिकाणी ती दहाच्या आत असायला हवी. मग साबणाचं पाणी घेऊन लाइन फिरायची, फुगे दिसले तिथे क्रमांकाचा टॅग बांधायचा, त्यावर तारीख आणि विभागाचं नाव. गळती कमी झाली की दाबही थोडा उतरवता येतो. बारमागे साधारण ६-७ टक्के वीज वाचते. पण टॅग मोहीम एकदाच झाली तर वर्षभरात सगळं मूळपदावर येतं. टिकतं ते तेव्हाच, जेव्हा प्रत्येक लाइनला हवेचा फ्लोमीटर बसतो आणि त्याचा खर्च त्या लाइनच्या महिन्याच्या हिशेबात लिहिला जातो. प्रॉडक्शन मॅनेजरच्या स्वतःच्या आकड्यात हवा आली की तो स्वतः मेंटेनन्सला फोन करतो.

खरेदी विभागाचं दुखणं याच जातीचं आहे. मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत अगदी थोडी असते, बाकी सगळी वीज. पण खरेदी अधिकाऱ्याला विचारतात ते एवढंच, मागच्या वर्षीपेक्षा स्वस्त आणलं का. वीज हा दुसऱ्याचा खर्च. त्याला पर्यावरणावर भाषण देण्याऐवजी निविदेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या विजेचा रकाना घाला आणि तुलना एकूण बेरजेवर करा.

दुचाकीबद्दल थोडक्यातच, कारण पुणेकराला ते सांगायला नको. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर असेल तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पेट्रोल. दोघं बसले तर माणशी त्याच्या निम्मे. पार्किंग फुकट. बस कधी येईल ते नक्की नाही. एकट्याने विचार केला तर उत्तर स्कूटरच येतं, आणि सगळ्यांनी एकट्याने विचार केला की विद्यापीठ चौक तयार होतो. इथे बसच्या भाड्यापेक्षा बसची खात्री आणि पार्किंगची किंमत यांनी जास्त फरक पडतो.

काळाचा पत्ताही लांब असतो, हे लक्षात घ्या. कमिटीची मुदत संपते, एसटीपी बारा-पंधरा वर्षं जगवायचा असतो. ‘आमच्या काळात मेंटेनन्स वाढवला नाही’ याचं कौतुक लगेच होतं. ब्लोअर निकामी झाल्यावर येणारी वर्गणी पुढच्या कमिटीच्या माथी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सांगितलाय, पण तो इमारतीच्या मोठ्या कामांचा विचार करून. फिरणाऱ्या यंत्रांची झीज भरून काढायला वेगळा निधी लागतो, हे बहुतेक सोसायट्यांना पहिला ब्लोअर जळेपर्यंत सुचत नाही.

सामायिक बोअरबद्दल बोलताना लोक लगेच म्हणतात, सामायिक गोष्टीची माणसं वाटच लावतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी कुरणाचं उदाहरण देऊन हेच मांडलं आणि ते फार गाजलं. पण त्यात गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, नियम करत नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या सामायिक पाण्याचा, जंगलांचा, मासेमारीचा अभ्यास करून दाखवलं की लोक नियम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला तर दाखला शोधायला पुणे जिल्ह्याबाहेर जायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचं, डोकी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी घालायचा. आणि पाणी सोडायला नेमलेला पाटकरी, ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. कोरड्या तालुक्यात पाणी वाटून घेता आलं ते या नियमांमुळे. आमच्या बोअरचं पाणी शेजारच्या सोसायटीने ओढलं म्हणून आणखी शंभर फूट खाली जाण्याआधी, दोन्ही सोसायट्यांनी उपशाचे तास ठरवून एकमेकांच्या मीटरचे फोटो रोज पाठवायला हरकत नाही. खडक दोघांच्या खाली एकच आहे.

आता विचारणाऱ्यांच्या सोसायटीत काय करायचं ते. एसटीपीच्या पॅनेलला स्वतंत्र वीजमीटर बसवा आणि शुद्ध पाण्याच्या पाइपवर, फ्लशच्या टाकीत पडण्याआधी, पाण्याचा मीटर. रोज दोन आकडे, लिफ्टशेजारच्या फळ्यावर, खडूने. गाळाच्या टाकीवर चालणारा प्रकल्प असेल तर त्याच फळ्यावर आणखी एक आकडा: वायुवीजन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि खाली बसलेला गाळ वाचायचा. २०० ते ३५० मिलिलिटर आणि रंग चॉकलेटी असेल तर तब्येत ठीक. काळा पडला तर हवा कमी पडतेय. गाळ शंभराच्या खाली असेल तर जिवाणू कमी झालेत. एमबीबीआर प्रकारात गाळ प्लास्टिकच्या तुकड्यांवर धरलेला असतो, तिथे हा आकडा कमीच येतो, घाबरू नका.

सर्वसाधारण सभेत एसटीपीचं खातं मेंटेनन्सपासून वेगळं करण्याचा ठराव घ्या: फ्लॅटमागे ठरलेली रक्कम, जी दुसरीकडे वळवता येणार नाही आणि न वापरल्यास परतही मिळणार नाही. प्रकल्प बंद ठेवून पैसे वाचत नाहीत, असं एकदा झालं की बंद ठेवण्याचं निम्मं कारण निघून जातं. ऑपरेटर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी आजवर दोन माणसं पुरवा असा करार असेल. पुढचा करार असा करा की ७० टक्के रक्कम ठरलेली आणि ३० टक्के फ्लशच्या मीटरवर किती हजार लिटर पडले त्यावर, तेही बाहेरच्या प्रयोगशाळेच्या मासिक अहवालात बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत आला तरच. नमुना कोणत्या दिवशी घ्यायचा ते कमिटीने त्याच सकाळी ठरवायचं, आधी कळवायचं नाही.

नवीन राहायला येणाऱ्या कुटुंबाला किल्ली देतानाच दोन डबे आणि एक पान द्या: वाइप्स, पॅड, तळणीचं तेल ड्रेनेजमध्ये का नको, जाळी कशी तुंबते. घर बदलताना सगळ्याच सवयी नव्याने बसत असतात, त्या पंधरवड्यात सांगितलेलं टिकतं. सहा महिन्यांनी तेच सांगितलं तर ते कानाआड जातं.

आणि बायपासचा तो व्हॉल्व्ह. त्याच्या दांड्याला तार ओवून क्रमांकाचं प्लास्टिक सील लावा. ही सीलं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि एकदा तोडली की पुन्हा जोडता येत नाहीत. सील तोडायचं तर वहीत तारीख, वेळ, कारण, कमिटीतल्या दोघांच्या सह्या आणि व्हॉल्व्ह परत कधी फिरवणार ती तारीख. फिरवायला दहा सेकंद लागत होते, आता पंधरा मिनिटं आणि दोन माणसं लागतील. फिरवण्याआधी कुणीतरी तळघरात उतरून ब्लोअर चालू आहे का ते पाहील.